गावचा कचरा, कारखान्याचा बॉयलर आणि वीज
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



ऊस नोंदीच्या निमित्ताने गट ऑफिसात येणारे सभासद हल्ली नोंदीचे काम झाले की आणखी एक विषय काढतात. विषय कचऱ्याचा. रिसोडकडच्या एका सभासदाने तर सरळच विचारले, "साहेब, कारखान्यात उसाचा भुसा जळते, त्याच्यावर वीज होते, तं आमच्या गावचा कचरा काहून नाही जळत? ट्रॅक्टरनं आणून टाकतो ना बा आम्ही!" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गावागावांत उकंड्याच्या जागी आता पिशव्या, पाऊच, चहाचे कप यांचे ढीग दिसतात. वाऱ्याने हे सारे धुऱ्यावर येते, पाटात अडकते, बैलाच्या पोटात जाते. त्यातच काही गावांत बाहेरची माणसे येऊन "कचऱ्यापासून वीज तयार करून देतो, गायरानातली दोन एकर जागा द्या, ग्रामपंचायतीचा ठराव द्या" असे सांगून जातात. ठराव द्यावा की नाही, हे सभासद आम्हाला विचारतात. म्हणून या अंकात उसाचे पान थोडे बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

कचऱ्यापासून वीज होते का? होते. त्यात खोटे काही नाही. मात्र कोणत्या कचऱ्यापासून, किती, आणि ती करणे आपल्याला परवडते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. प्रकल्पवाले पहिल्याचे उत्तर देतात आणि उरलेले दोन आपल्यावर सोडतात.

बगॅस जळतो, कचरा का जळत नाही

आधी बॉयलरचेच पाहू. शंभर टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघतो. हा बगॅस कोरडा नसतो. गिरणीतून बाहेर पडताना त्यात निम्मे पाणीच असते. तरीही तो जळतो, कारण उरलेला निम्मा भाग जवळजवळ सगळा तंतू असतो, माती-राख फार थोडी. एक किलो बगॅसमध्ये साधारण सव्वादोन हजार किलोकॅलरी उष्णता धरतात. आता त्यातल्या पाण्याचे काय होते ते बघा. एक किलो पाण्याची वाफ करून धुराड्यातून घालवायला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च पडतात. म्हणजे किलोभर बगॅसमधल्या अर्ध्या किलो पाण्यावर तीनशे गेल्या. तरी भट्टीला पुरेसे उरते.

घरचा कचरा या हिशेबात बसवा. भाजीचे देठ, शिळे अन्न, फळांच्या साली यांत पाणी निम्म्याहून जास्त, पुष्कळदा सत्तर-ऐंशी टक्के. त्यावर झाडलोटीची माती आणि चुलीची राख. नागपूरच्या नीरी संस्थेने देशातल्या शहरांच्या कचऱ्याची जी जुनी पाहणी केली, तीत किलोमागे साधारण ८०० ते १००० किलोकॅलरी एवढीच उष्णता आढळली होती. प्लॅस्टिक वाढल्यापासून हा आकडा चढला आहे, पण ओला-सुका एकत्र असेल तर अजूनही फार नाही. निम्मी उष्णता आपलेच पाणी आटवण्यात जाते. पावसाळ्यात ओली पऱ्हाटी चुलीत घातली म्हणजे घरभर धूर होतो आणि पातेले काही उकळत नाही, हा अनुभव आपल्या घरच्या बायकांना कोणी शिकवायला नको. बॉयलर ही मोठी चूलच आहे.

मग सुका कचरा तेवढा वेगळा काढून टाकला तर? प्लॅस्टिक जळते, आणि जोरात जळते. पण त्यात सगळेच प्लॅस्टिक सारखे नसते. पाइपाचे तुकडे, रेक्झिन, वायरचे आवरण हे पीव्हीसीचे असते. त्यात क्लोरीन असतो. जळताना त्याचे आम्ल होते आणि ते बॉयलरच्या नळ्या बाहेरून खाते. बगॅससाठी बांधलेल्या बॉयलरच्या नळ्या या माऱ्यासाठी केलेल्या नसतात. ऐन हंगामात नळी फुटली तर गाळप थांबते, आणि फडात तोडून पडलेला ऊस वाळतो तो सभासदाचा. शिवाय असा धूर विषारी. डायऑक्सिन नावाची जी विषे त्यातून निघतात ती मोडायला धूर फार मोठ्या उष्णतेत काही वेळ राहावा लागतो. सरकारच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी कचरा जाळणाऱ्या भट्टीसाठी ९५० अंश उष्णता आणि किमान दोन सेकंद ही अट घातली, आणि पुढे धूर धुण्याची, गाळण्याची यंत्रणा वेगळी. बगॅसचा बॉयलर यासाठी बांधलेला नसतो.

आणखी एक साधी गोष्ट, जी बोलताना कोणाच्या लक्षात येत नाही. कारखान्याचा बॉयलर हंगामात चार-पाच महिने पेटतो. कचरा मात्र बारा महिने निघतो. जूनपासून दिवाळीपर्यंतचा कचरा कुठे साठवायचा? कारखान्याच्या गाडीतळावर?

तेव्हा कचरा बॉयलरमध्ये टाकण्याची सूचना चांगल्या मनाची असली तरी मान्य करता येणार नाही. आणि जो नियम बॉयलरला तोच, जरा सौम्य रूपात, शेताच्या बांधालाही लागू आहे. कृपया धुऱ्यावर प्लॅस्टिक पेटवू नये. तो धूर आपल्याच नाकात जातो.

दिल्लीचे एकवीस दिवस

ओला कचरा जाळून वीज करण्याचा प्रयोग आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर एकदा होऊन गेलेला आहे. १९८७ साली दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या कंपनीची यंत्रसामग्री आणून केंद्र उभे केले. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॅट वीज करायची, असा बेत. चाचणी म्हणून एकवीस दिवस चालले आणि बंद पडले. यंत्र वाईट नव्हते. डेन्मार्कच्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, लाकूड जास्त. आपल्या कचऱ्यात माती आणि भाजीपाला. ज्या सरपणासाठी चूल बांधली ते सरपणच दिल्लीत नव्हते. पुढे २००३ च्या सुमारास लखनौला जाळण्याऐवजी कुजवून गॅस काढण्याचा आणि त्यावर पाच मेगावॅट वीज करण्याचा मोठा प्रकल्प झाला. तोही टिकला नाही, कारण तिथे यायला हवा होता निवडलेला ओला कचरा आणि येत होता सरमिसळ, खडे-प्लॅस्टिकसकट.

दोन पद्धती, दोन शहरे, आणि दुखणे एकच. जाळायचे तर कोरडे हवे, कुजवायचे तर ओले हवे. आपण देतो ती खिचडी.

हल्ली जाळण्याचे प्रकल्प चालत नाहीत असे मात्र नाही. पिंपरी-चिंचवडला मोशी येथे रोज ७०० टन कचऱ्याचा, १४ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे ३०० कोटी रुपये. चौदा मेगावॅट म्हणजे एखाद्या मध्यम साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाएवढी वीज. पण ७०० टन हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या वाशिम शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७८ हजारांच्या घरात होती. माणशी ३०० ग्रॅम कचरा धरला तर होतात चोवीस टन. आज फार तर तीस-पस्तीस. सगळा वाशिम जिल्हा घेतला तरी २०११ ची लोकसंख्या बारा लाखांच्या आत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांतल्या प्रत्येक गावातला, प्रत्येक तांड्यावरचा कचरा रोज उचलून एका ठिकाणी आणला, तरी मोशीची भट्टी अर्धीच भरेल. आणि मानोऱ्याचा कचरा रिसोडपर्यंत आणायला जे डिझेल लागेल त्याचा हिशेब ऊस वाहतुकीची बिले पाहणाऱ्याला सांगायला नको. जाळून वीज करणे हा महानगराचा धंदा आहे. आपल्या वाटेला तो येत नाही, आणि येत नाही याचे वाईट वाटून घेण्याचेही कारण नाही.

ओला कचरा कुजवून गॅस

आपल्या कामाची वाट दुसरी, आणि ती आपल्याला नवी नाही. गोबरगॅस. बंद टाकीत, हवा लागू न देता, शेण किंवा अन्न कुजले की सूक्ष्म जीव त्याचा गॅस करतात. त्यात निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो, तो जळतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतला गॅस धरून दिव्यांना वापरला होता, म्हणजे ही विद्या आपल्या राज्यात सव्वाशे वर्षांची आहे. पुढे जशभाई पटेलांनी लोखंडी तरंगत्या टोपीचे संयंत्र केले आणि खादी आयोगाने ते खेडोपाडी नेले. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला गॅसची टाकी जोडून दाखवली. सोवळ्याओवळ्याच्या गावात हे करायला छाती लागते. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

घरच्या कचऱ्यासाठी म्हणून खास बेत केला तो अलीकडे. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या एकात एक बसवून, शेणाऐवजी शिळे अन्न, खराब पीठ, पिकलेली फळे घालून चालणारा लहान गॅस केला. २००६ साली या कामाला इंग्लंडचे अॅशडेन पारितोषिक मिळाले. (याच संस्थेला त्याआधी २००२ साली तेच पारितोषिक उसाच्या पाचटापासून कोळसा केल्याबद्दल मिळाले होते. पण पाचट कोळशाला न देता सरीत कुजू द्यावे, हे माझे मत मी या पानांवर पुष्कळदा मांडले आहे आणि ते बदललेले नाही.) तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचे दोन टप्प्यांचे संयंत्र केले. माथेरानला गाड्या चालत नाहीत, कचरा खाली आणणे अवघड, तिथे ते बसवले गेले.

आता शिळ्या अन्नातून शेणापेक्षा जास्त गॅस का निघतो? उत्तर सोपे आहे. शेण हे जनावराने एकदा पचवून, त्यातले सत्त्व काढून टाकलेले असते. अन्न मात्र न पचलेले. एक किलो ताज्या शेणातून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो; स्वयंपाकघरातल्या एक किलो ओल्या कचऱ्यातून ८० ते १०० लिटर. म्हणजे दुपटीहून जास्त.

वीज करावी की चूल पेटवावी

इथे आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. पाच माणसांच्या घरात रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. पाऊण किलोच्या आसपास, समजा ७०० ग्रॅम धरा. त्याचा गॅस साठ-पासष्ट लिटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर गॅसवर लहान इंजिन-जनित्र साधारण दीड युनिट वीज देते. तेव्हा एका घराच्या एका दिवसाच्या कचऱ्याची वीज होते युनिटचा दहावा भाग. नऊ वॅटचा एक एलईडी दिवा अकरा तास. एवढ्यासाठी घरोघर जनित्र कोण ठेवणार?

गाव धरा. चारशे उंबरे, प्रत्येकाने निवडून ओला कचरा दिला, तर २८० किलो. गॅस २५ घनमीटर. वीज ३७ युनिटच्या आसपास. पाच एचपीची मोटर यावर आठ तास चालेल. एक मोटर, साऱ्या गावाच्या कचऱ्यावर! त्यातही मी चारशेच्या चारशे घरांनी कचरा दिला असे धरले आहे. आपल्याकडे शिळी भाकर गाईपुढे जाते, खरकटे कुत्र्याला आणि कोंबड्यांना जाते. उरते ती चहाची पूड आणि कांद्याची साल. खेड्यातल्या घरचा ओला कचरा शहरासारखा कधीच नसतो, आणि ही आपल्या घरांची अब्रू आहे.

तोच २५ घनमीटर गॅस इंजिनात न घालता शेगडीला दिला तर? एक घनमीटर गोबरगॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या साडेचारशे ग्रॅम गॅसची बरोबरी करतो. पंचवीस घनमीटर म्हणजे सव्वाअकरा किलो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे पाऊण सिलिंडर रोज. वीज युनिटला आठ रुपयांनी मोजली तर ३७ युनिटचे तीनशे रुपये होतात. सिलिंडर नऊशेचा धरला तर गॅसचे सातशे. दर बदलतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही. कारण असे की लहान इंजिनात गॅसच्या उष्णतेचा चौथा हिस्सा, फार तर त्याहून थोडा जास्त, वीज होऊन तारेत जातो. बाकीचा पाण्यातून आणि सायलेन्सरमधून वाऱ्यावर. शेगडीत निम्म्याहून जास्त उष्णता पातेल्याला लागते. शिवाय इंजिनाला गॅस धुऊन द्यावा लागतो. गोबरगॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो लोखंडाच्या किसातून गाळून काढला नाही तर इंजिनाच्या आत गंज चढतो. शेगडीला एवढे लाड लागत नाहीत.

साखर धंद्यानेही हेच ओळखले आहे. प्रेसमडपासून गॅस करून, तो शुद्ध करून, सिलिंडरात भरून वाहनांसाठी विकायचा, ही केंद्राची योजना ऑक्टोबर २०१८ पासून आहे. तिथेही विकतात तो गॅस.

गावाने गॅसवर वीज केली आणि ती कामाची ठरली असे उदाहरण आहे, ते सांगितले नाही तर अन्याय होईल. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या लहान गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मंडळींनी १९८७ पासून काही वर्षे गावचे शेण एकत्र करून, त्याच्या गॅसवर जनित्र चालवून कूपनलिकेचे पाणी आणि घरांत दिवे दिले. पण तिथे माल होता शेण, कचरा नव्हे. टाकीतली मळी ज्याच्या त्याच्या शेणाच्या हिशेबाने परत दिली जाई. आणि त्या काळी त्या गावाला नळाच्या पाण्याचे अप्रूप होते. दारात तार असलेल्या गावाला तेवढ्या विजेसाठी जनित्र सांभाळत बसण्याचे कारण नाही.

शहराचे जरा वेगळे. नाशिकला २०१७ साली जर्मनीच्या मदतीने हॉटेलांचे उरलेले अन्न आणि संडासाच्या टाक्यांतला मैला एकत्र कुजवून रोज तीन हजारांवर युनिट वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. पुण्यात महापालिकेने पाच-पाच टनांचे गॅस प्रकल्प करून रस्त्यावरचे दिवे लावले. त्यांतले बरेच पुढे निवडलेला कचरा मिळेना म्हणून रखडले. वाशिम, कारंजा, रिसोड या आपल्या गावांत भाजी बाजार, मंगल कार्यालये, खानावळी यांचा ओला कचरा एका ठिकाणी आणि बराच स्वच्छ मिळू शकतो. नगरपरिषदेने काही करायचे तर सुरुवात तिथून करावी, असे माझे मत. त्या गॅसवर वीज करायची की जवळच्या एखाद्या वसतिगृहाची भटारखान्याची चूल, हे तिथले तिथे ठरवता येईल.

घरच्या टाकीविषयी

ज्या सभासदाकडे दोन जनावरे आहेत त्याला निव्वळ शेणावर गॅस पुरत नाही, म्हणून कितीतरी टाक्या गवत उगवून पडल्या आहेत. रोजचे वीस किलो शेण म्हणजे आठशे लिटर गॅस. त्यात घरचा आणि शेजारच्या दोन घरांचा मिळून दोन किलो ओला कचरा घातला की जवळपास एक घनमीटर होतो. माणशी पाव घनमीटर धरा. चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक निघतो. घरच्या कचऱ्याची खरी जागा ही आहे: शेणाच्या जोडीला.

पण बेताने. शिळे अन्न टाकीत एकदम ओतले की टाकी आंबते. आम्ल करणारे जीव चपळ असतात, गॅस करणारे मंद. लग्नाचे उरलेले सगळे वरण-भात एका दिवशी ढकलले की शेगडीत फुस्स आवाज येतो, पण ज्योत धरत नाही, कारण नुसता कार्बन डायऑक्साइड येतो. अशा वेळी चार-आठ दिवस अन्न बंद करावे, फक्त शेण-पाणी घालावे, थोडी चुन्याची निवळी द्यावी. टाकी पुन्हा वळणावर येते. कचरा बारीक चिरून किंवा ठेचून, तेवढेच पाणी मिसळून घालावा. मंगरूळपीर-कारंज्याकडे संत्र्याच्या साली पुष्कळ निघतात. त्यातले तेल जीवांना मारक असते, म्हणून साली आणि लिंबे उकिरड्यावरच जाऊ द्यावीत. हाडे, अंड्याची टरफले, नारळाची करवंटी, कांद्याची सुकी साल कुजत नाही. साबणाचे आणि फिनेलचे पाणी चुकूनही जाऊ देऊ नये. हिवाळ्यात गॅस कमी होतो, ते थंडीमुळे. टाकीला कडबा-कुटाराचे पांघरूण दिल्यास थोडा फरक पडतो.

आणि टाकीत उतरू नये. गॅस काढून टाकला, झाकण उघडले, तरी उतरू नये. आत प्राणवायू नसतो, माणूस ओरडायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. गॅस आहे की नाही हे काडी ओढून पाहू नये. हे दोन वाक्य घरातल्या पोरांना वाचून दाखवावेत.

टाकीतून रोज बाहेर पडणारी मळी उसाला फार चांगली. नत्र, स्फुरद, पालाश त्यात राहतेच, जातो तो मुख्यतः कार्बन. पाटाच्या पाण्याबरोबर सोडली तरी चालते. ठिबक असलेल्यांनी मात्र ती ठिबकमध्ये सोडू नये, तोट्या चोंदतील. उकिरड्याच्या किंवा पाचटाच्या थरावर ओतून कुजवून सरीत द्यावी. आपल्या काळ्या जमिनीत प्लॅस्टिकचा एक तुकडा गेला तर तो नांगराच्या फाळाला वर्षानुवर्षे भेटत राहतो, म्हणून शहरातून फुकट मिळणारे कचऱ्याचे खत मुठीत घेऊन पाहावे. काच, ब्लेड, पिशवीचे तुकडे दिसले तर फुकटसुद्धा घेऊ नये.

ठरावाचे काय

शेवटी ज्या गावांपुढे प्रकल्पाचा ठराव आला आहे त्यांच्यासाठी. ठराव करण्यापूर्वी ग्रामसभेत त्या मंडळींना बसवून विचारावे: ओला-सुका कोण निवडणार, आणि त्याला पगार कोण देणार? रोज किती टन लागणार, आणि आमचे गाव तेवढा देते का? कमी पडला तर बाहेरचा कचरा आमच्या गायरानात आणणार का? वीज कोण घेणार, कोणत्या दराने, आणि तसा करार झाला आहे का? तीन वर्षांनी इंजिन बिघडले तर? प्रकल्प बंद पडला तर पडलेला ढीग कोण उचलणार आणि जमीन परत कशी मिळणार? ही उत्तरे कागदावर सहीनिशी मिळाली तर पुढे बोलावे. मला स्वतःला वाटते की तिसऱ्या प्रश्नाशीच बहुतेकांची बैठक मोडेल. गायरान एकदा गेले की जनावरे बांधायला जागा राहत नाही, आणि जनावरे गेली की गॅसलाही शेण राहत नाही.

सुका कचरा, म्हणजे बाटल्या, पुठ्ठा, जाड प्लॅस्टिक, लोखंड, हा गावात एका खोलीत साठवून महिन्याकाठी भंगारवाल्याला द्यावा. पातळ पिशव्या आणि पाऊच तो घेत नाही, हे खरे. त्यांच्यावर आज खेड्यापुरता चांगला उपाय नाही. गोणीत दाबून भरून ठेवणे आणि तालुक्याच्या संकलनाला देणे एवढेच करता येते.

घरची टाकी नव्याने बांधायची किंवा पडलेली पुन्हा चालू करायची असेल त्यांनी अनुदानाची चौकशी पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात करावी. रकमा वेळोवेळी बदलतात. टाकीच्या मापासाठी आमच्या गट ऑफिसातही यावे. येताना तीन आकडे घेऊन यावेत: गोठ्यात जनावरे किती, घरात जेवणारी माणसे किती, आणि वैशाख महिन्यात रोज दोन बादल्या जादा पाणी कुठून आणणार. पहिल्या दोन आकड्यांवरून टाकीचे माप निघते, तिसऱ्यावरून ती बांधावी की नाही ते ठरते.